‘नो सिग्नल’ आणि तुम्ही: स्मार्ट घरातल्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पुढचं काहीही वाचण्याआधी टीव्हीचा मूळ रिमोट शोधून ठेवा. घर स्मार्ट झालं त्या दिवशी तो खणात गेला, त्यातले सेल कुणीतरी दुसऱ्या कशाला तरी काढून घेतले आणि मागचं झाकण कुठे गेलं हे कुणालाच ठाऊक नाही. नवे सेल आणा, झाकणाच्या जागी चिकटपट्टी लावा आणि रिमोट हाताशी ठेवा. या मार्गदर्शिकेतला खात्रीचा उपाय एवढा एकच आहे. बाकीच्या उपायांनी ज्ञानात भर पडते.

ही मार्गदर्शिका कुणासाठी? ज्यांच्या दिवाणखान्यात एक टीव्ही, एक सेट-टॉप बॉक्स, एक स्ट्रीमिंग स्टिक, एक साउंडबार, चिरंजिवांचा गेमिंग कन्सोल आणि या सगळ्यांवर देखरेख करणारा, टीव्हीमागे धूळ खात पडलेला रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला संगणक आहे, त्यांच्यासाठी. त्या पायवर होम असिस्टंट चालतं असं मी धरून चालतो. पॉलस स्काउटन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही मोफत, मुक्तस्रोत प्रणाली आता जगभर घराघरांत दिवे लावते, पंखे फिरवते आणि टीव्हीचा इनपुट बदलते. निदान बदलला असं सांगते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा इनपुट हा प्रश्नच नव्हता. एक केंद्र, एक अँटेना आणि तो फिरवायला गच्चीवर चढवलेला घरातला धाकटा मुलगा. त्याचं काम फक्त अँटेना फिरवण्याचं नव्हतं. दर वेळी तो वरून ओरडून विचारायचा, “आता दिसतंय का?” आणि खालून “थोडं अजून!” असं उत्तर आलं की पुन्हा फिरवायचा. त्या पोराचा हा प्रश्न ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी पहिली: पडद्याकडे बघा

हे इतकं सोपं आहे की नवशिके नेमकं हेच करत नाहीत. तक्रार आली की ते मोबाईल उघडतात. मोबाईलमध्ये डॅशबोर्ड असतो, डॅशबोर्डवर टीव्हीचं कार्ड असतं आणि कार्डावर ‘एचडीएमआय १’ असं लिहिलेलं असतं. मग ते कोचावर बसलेल्या आईला सांगतात, “अगं, एकवरच आहे की!” आई काही न बोलता पडद्याकडे बोट दाखवते. तिथे ‘नो सिग्नल’ची पाटी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे तरंगत निघालेली असते. हातच्या काकणाला आरसा कशाला, हे आईला कळतं. मोबाईलला कळत नाही.

इथे जरा थांबा, कारण पुढचा सगळा डोलारा यावर उभा आहे. तुमच्या घराला टीव्ही दिसत नाही. टीव्हीविषयी त्याची फक्त एक समजूत असते आणि ती दोन प्रकारे झालेली असू शकते. एक तर टीव्हीनं स्वतः कळवलं, की मी चालू आहे आणि अमुक इनपुटवर आहे. किंवा घरानं हुकूम सोडला आणि तो पाळला गेला असं परस्पर गृहीत धरलं. दुसरा प्रकार म्हणजे गच्चीवरून अँटेना फिरवायचा आणि काहीही न विचारता खाली येऊन जेवायला बसायचं.

होम असिस्टंट याबाबतीत प्रामाणिक आहे, हे मान्य केलं पाहिजे. स्थिती गृहीत धरलेली असेल तेव्हा ते नेहमीचा एकच चालू-बंद खटका दाखवत नाही. त्याऐवजी विजेच्या दोन छोट्या खुणा दाखवतं, एक नुसती आणि एक काट मारलेली. अर्थ असा, की टीव्ही चालू आहे की बंद ते मला ठाऊक नाही, तुला हवं ते दाब. नवशिक्यांना या खुणा बेंगरूळ वाटतात आणि त्या कशा घालवायच्या याचे व्हिडिओ ते रात्री जागून बघतात. घालवू नका. अख्ख्या डॅशबोर्डवर आपलं अज्ञान कबूल करणारी तेवढी एकच जागा आहे.

पायरी दुसरी: हुकूम कुठल्या वाटेनं जातो ते शोधा

वाटा तीन. प्रकाशाची, तारेची आणि वाय-फायची. ज्यानं घर लावून दिलं त्याला फोन करून विचारू नका. तो “सर, ते सगळं क्लाउडवर आहे” म्हणेल आणि सोमवारी येतो म्हणून सांगेल.

स्वतःच शोधायचं तर टीव्हीच्या खालच्या कडेला रिमोटचा जो डोळा असतो त्यावर जाड पुठ्ठा धरा आणि मोबाईलवरून इनपुट बदला. बदलायचा बंद झाला तर प्रकाशाची वाट. तरीही बदलला तर पुठ्ठा खाली ठेवा आणि पुढचं वाचा. राउटर बंद करून वाय-फायची परीक्षा घ्यायचा मोह होईल, पण त्यातून काही निष्पन्न होत नाही. रिमोटच्या ऐवजी टीव्हीकडे प्रकाश सोडणारा गोळाही वाय-फायवरच असतो, त्यामुळे राउटर बंद झाला की सगळंच बंद पडतं आणि घरातले सगळेजण एकाच वेळी आपापल्या खोल्यांतून बाहेर येतात.

प्रकाशाची वाट

टीव्हीच्या समोरच्या शेल्फवर ठेवलेला तो काळा गोळा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. हा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणजे खोलीतल्या इतर उजेडातून टीव्हीला तो वेगळा ओळखता येतो. गोळा काम करतो का हे बघायला मोबाईलचा सेल्फी कॅमेरा त्याच्यासमोर धरा आणि हुकूम सोडा. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला पाहिजे. मागचा कॅमेरा वापरू नका. त्यावर बऱ्याचदा अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते आणि धडधाकट गोळा मेला असं तुम्ही जाहीर करून बसाल.

ठिपका दिसतो, पण टीव्ही ढिम्म? मग मध्ये काय आलं ते बघा. वर्षभर विनातक्रार चाललेली यंत्रणा भाद्रपदात बंद पडते, कारण गोळ्यापुढे मखर येतं. थर्माकोल गेला, पुठ्ठ्याची मखरं आली, पण प्रकाशाला दोन्ही सारखेच. अशा वेळी सेटिंग्जना हात लावू नये. गोळा मखराच्या कमानीवर, माळांच्या पुढे बसवावा आणि विसर्जनानंतर पूर्ववत करावा. मखरासोबत तो माळ्यावर गेला नाही ना, हेही बघावं.

प्रकाशाच्या वाटेची खरी गोम वेगळीच आहे. बहुतेक रिमोटवर ‘एचडीएमआय ३’ असं बटण नसतं. ‘सोर्स’ नावाचं एकच बटण असतं. ते एकदा दाबलं की यादी उघडते, पुन्हा दाबलं की खूण एक घर पुढे सरकते. म्हणजे तिसऱ्या इनपुटवर जायला किती वेळा दाबायचं हे आत्ता कुठे आहोत त्यावर अवलंबून, आणि आत्ता कुठे आहोत हे तर घराला माहीत नाही! नवशिके ‘सोर्स तीनदा’ असा हुकूम साठवून ठेवतात आणि तो पहिल्या दिवशी बरोबर चालतो, कारण त्या दिवशी त्यांनी बरोबर जागेवरून सुरुवात केलेली असते. दुसऱ्या दिवशी मुलगा खेळत असतो आणि कीर्तन लावायला गेलेल्या आजोबांना झॉम्बी दिसतात.

यावर उपाय आहे. पुष्कळ टीव्हींमध्ये प्रत्येक इनपुटसाठी स्वतंत्र संकेत असतो. रिमोटवर त्याचं बटण नसतं, पण टीव्हीला तो कळतो. तुमच्या मॉडेलचा हा संकेत शोधून गोळ्याला शिकवा. सापडला तर तुमचं निम्मं काम झालं. तो सापडेपर्यंत ‘सोर्स’च्या दोन दाबण्यांमध्ये किती वेळ सोडायचा, यावर आयुष्य घालवू नका.

एक बारीक अडचण जुन्या फिलिप्स-पद्धतीच्या, म्हणजे आरसी-५ संकेताच्या टीव्हींवर येते. त्या १४ बिटांच्या संकेतात एक बिट दर दाबण्यासरशी उलटतो. तो उलटला नाही तर टीव्ही समजतो की बोट अजून बटणावरच आहे. गोळ्यानं एकच पाठ केलेला संकेत दोनदा सोडला, तर दुसऱ्याकडे टीव्ही दुर्लक्ष करतो. लक्षण ओळखायला सोपं: हुकूम एक आड एक पाळला जातो. उपाय म्हणून दोन्ही प्रकारचे संकेत शिकवा आणि आलटून पालटून सोडा.

प्रकाशानं टीव्ही चालवायची कल्पना तशी जुनी. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं यूजीन पॉली यांचा ‘फ्लॅश-मॅटिक’ आणला. पिस्तुलाच्या आकाराची विजेरी टीव्हीच्या चार कोपऱ्यांपैकी एकावर रोखायची, त्या त्या कोपऱ्याचं काम ठरलेलं. खिडकीतून थेट ऊन आलं की मात्र टीव्ही मनानंच चॅनेल बदलायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांचा ‘स्पेस कमांड’ आला. त्यात बॅटरीच नव्हती. बटण दाबलं की आतली हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटून माणसाला ऐकू न येणारा आवाज काढायची. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी तो टीव्ही हुकूम समजून कामाला लागे. तेव्हा तुमच्याकडे टीव्ही आपोआप चालू झाला तर लगेच नारळ उतरवून टाकायची घाई नको.

तारेची वाट, अर्थात सीईसी

एचडीएमआय केबलमध्ये १९ पिना असतात. चित्र आणि आवाज त्यातल्या मोठ्या मानकऱ्यांकडे. तेराव्या पिनवरून मात्र एक बारीक संभाषण चालू असतं, त्याला सीईसी म्हणतात. वेग सेकंदाला जेमतेम ४०० बिट. ज्या केबलमधून फोर-के सिनेमा धो धो वाहतो, तिच्यातच ही बैलगाडी चाललेली असते.

तुमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ हे नाव शोधाल तर बहुधा मिळणार नाही. सॅमसंगकडे त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीकडे सिम्पलिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिककडे व्हिएरा लिंक, फिलिप्सकडे ईझीलिंक. एकाच देवाची इतकी नावं ठेवायचा मान आपल्याकडे विष्णूचा होता. अशी नावं ठेवली की गिऱ्हाईक आपल्याच कंपनीची सगळी उपकरणं घेईल असा हिशेब असावा. गिऱ्हाईक तसं करत नाही. ते दिवाळीच्या सेलमध्ये जे स्वस्त मिळेल ते घेतं.

या तारेवर एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं. प्रत्येकाला आपापला क्रमांक असतो: टीव्हीचा ०, साउंडबारसारख्या आवाजवाल्याचा ५, चित्र दाखवणाऱ्या प्लेयर मंडळींसाठी ४, ८ आणि ११ एवढ्याच तीन जागा. यात ‘मी आता चालू स्रोत आहे’ असा एक संदेश आहे. जो कुणी तो उच्चारेल त्याच्याकडे टीव्ही वळतो. परवानगी, रांग, ज्येष्ठता असं काही नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आता सर्वात जास्त येणारी तक्रार घ्या. ‘इनपुट बदलतो, पण चार-पाच सेकंदांनी आपोआप परत जातो.’ नवशिके इथे होम असिस्टंटला दोष देतात. त्यानं आपलं काम चोख केलेलं असतं: सेट-टॉप बॉक्सवर टीव्ही आणून सोडला. पण त्याच सुमाराला टीव्ही जागा झाल्याचं पाहून स्ट्रीमिंग स्टिकही जागी होते आणि ‘मी चालू स्रोत’ असं सांगून मोकळी होते. सेट-टॉप बॉक्स बिचारा गप्प. असे पुष्कळ बॉक्स सीईसी बोलतच नाहीत, त्यामुळे आपला हक्क सांगायला त्यांना तोंडच नाही. आई बघत असलेला बॉक्स मुका आणि नातू बघत असलेली स्टिक वाचाळ, अशी सगळी वाटणी.

कधीकधी तर चोर घरातलाच निघतो. रास्पबेरी पाय एचडीएमआयनं टीव्हीला जोडलेला असेल तर तोही या तारेवर बसलेला असतो. अद्ययावतीकरणानंतर तो पुन्हा सुरू झाला की उठल्या उठल्या स्वतःलाच चालू स्रोत म्हणून जाहीर करू शकतो. मग भर बातम्यांत पडद्यावर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं धावू लागतात. रास्पबेरी पायच्या कॉन्फिग फाईलमध्ये ‘एचडीएमआय इग्नोर सीईसी इनिट’ नावाची ओळ घालायची सोय केली गेली ती याचसाठी. त्याहून सोपा उपाय म्हणजे पायची एचडीएमआय केबल काढून टाका. देखरेख करणाऱ्याला पडद्यावर यायचं काही कारण नाही.

तारेचा बंदोबस्त करायचा तर एकेका उपकरणाच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी बंद करा. एकदम सगळ्यांची करू नका. साउंडबारची राहू द्या, कारण टीव्हीचा आवाज उलट्या दिशेनं साउंडबारकडे पाठवणारी एआरसी नावाची सोय बहुधा याच संभाषणावर चालते. ती गेली की आवाज जाईल आणि तुम्ही नव्या दुखण्याची मार्गदर्शिका शोधत बसाल. कन्सोलची आधी बंद करा, मग स्टिकची, प्रत्येक वेळी एक संध्याकाळ जाऊ द्या. स्वस्तातला एचडीएमआय स्विच मध्ये घातला असेल तर तो काढून बघा. टीव्ही प्रत्येक उपकरणाला ‘तू माझ्या दुसऱ्या दाराला आहेस’ असा पत्ता सांगत असतो. असला स्विच तो पत्ता नीट पोचवेलच याची खात्री नाही. मग आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

याच तारेवर ‘सगळ्यांनी झोपा’ असाही एक संदेश आहे. चिरंजीव कन्सोल बंद करून अभ्यासाला बसले की टीव्ही आणि साउंडबारही बंद होतात, मग भले आजोबा शेवटची ओव्हर बघत असोत. ही सोय बंद करायची जागा कन्सोलच्या सेटिंगमध्ये असते. आजोबांना मात्र पोरानं मुद्दाम केलं असंच वाटत राहतं, आणि तसं नसेलच असं मीही म्हणणार नाही.

वाय-फायची वाट

तिन्हींत ही वाट चांगली, कारण इथे टीव्ही उलट बोलतो. चालू आहे, अमुक इनपुटवर आहे, आवाज इतका, असं स्वतः कळवतो. बिघडते तेव्हा बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं. राउटर बंद होऊन सुरू झाला, त्यानं टीव्हीला नवा पत्ता दिला आणि घर जुन्या पत्त्यावर हुकूम पाठवत बसलं. राउटरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा पत्ता कायमचा राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिल्या जोडणीच्या वेळी टीव्ही पडद्यावर विचारतो, की या उपकरणाला परवानगी द्यायची का? त्या क्षणी तुम्ही आतल्या खोलीत लॅपटॉपवर असता आणि रिमोट आईच्या हातात असतो. अनोळखी कशालाही ‘हो’ म्हणायचं नाही, ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे तुम्हीच तिला घोकून घोकून शिकवलेलं. ती बाणेदारपणे ‘नाही’ दाबते. तुम्ही आत तासभर पोर्ट तपासता.

टीव्ही बंद असताना त्याला वाय-फायवरून उठवायचं असेल तर एक ठरावीक हाळी असते, तिला मॅजिक पॅकेट म्हणतात. जादू काही नाही: सहा बाइट एफएफ आणि त्यापुढे टीव्हीचा मॅक पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. सोळा वेळा नाव घेतल्यावर कुणीही उठेल, पण नाव बरोबर हवं. टीव्हीच्या वाय-फायचा मॅक पत्ता वेगळा आणि लॅन केबलच्या खोबणीचा वेगळा. टीव्ही केबलनं जोडलेला आणि तुम्ही हाका मारताय वाय-फायला, तर तो सकाळपर्यंत उठणार नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कवरून चालू होण्याची परवानगीही द्यावी लागते. मेनूत कितीही खोल दडलेली असली तरी ती शोधा.

आणि हे सगळं बरोबर असूनही टीव्ही उठत नसेल तर भिंतीवरचं बटण बघा.

बाबा रात्री झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणं बंद करतात. गॅस, गीझर, टीव्ही. ‘लाल दिवा म्हणजे वीज जळतेय’ हे त्यांचं तत्त्व आणि ते अगदीच चुकीचं नाही. युरोपीय महासंघानं २०१३ पासून साध्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. त्या हिशेबानं वर्षाला साडेचार युनिटही होत नाहीत. नेटवर्कवर कान ठेवून झोपलेल्या टीव्हीला थोडी जास्त लागते, दोन वॅट धरले तर वर्षाला साडेसतरा युनिट. हा हिशेब बाबांपुढे मांडायचा विचार असेल तर मांडू नका. ते शांतपणे ऐकून घेतील, “म्हणजे जळतेच ना?” विचारतील आणि बटण बंद करतील. बटणावर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवणं हाही उपाय नव्हे, कारण त्या कागदाखालचं बटण बंदच असतं. व्यवहार्य तोडगा एकच: सकाळी ते बटण चालू करायचं काम बाबांकडेच सोपवा.

पायरी तिसरी: नाव आणि घाई

वाट सापडली, दुरुस्त झाली, तरी हुकूम वाया जातो तेव्हा बहुधा नाव चुकलेलं असतं. होम असिस्टंटमध्ये इनपुट निवडताना त्याचं नाव टीव्हीच्या यादीत जसं आहे तसं, अक्षरन् अक्षर द्यावं. ‘एचडीएमआय १’ आणि मधली जागा न सोडलेलं ‘एचडीएमआय१’ हे माणसाला एकच, यंत्राला दोन. त्यातून कुणीतरी हौसेनं टीव्हीच्या मेनूत जाऊन पहिल्या इनपुटला ‘आईचा बॉक्स’ असं नाव दिलं, की कालपर्यंत धावणारं ऑटोमेशन आज ठप्प. डेव्हलपर टूल्समध्ये जाऊन टीव्हीची ‘सोर्स लिस्ट’ वाचा आणि नाव तिथून उचलून चिकटवा, हातानं टाइप करू नका. टीव्ही चालू करून मगच बघा. बंद टीव्हीच्या रकान्यांत वाचण्यासारखं फारसं काही नसतं.

हे ऑटोमेशन यामल नावाच्या लिपीत लिहिलेलं असेल तर त्या लिपीचं सोवळं-ओवळं पाळा. ओळीच्या सुरुवातीला टॅब चालत नाही, मोजून मोकळ्या जागाच लागतात. ‘ऑन’ हा शब्द अवतरणचिन्हांत नसेल तर तो शब्द राहत नाही, त्याचं ‘खरं’ असं मूल्य होतं आणि तुमची अट कधीच जुळत नाही.

नाव बरोबर असेल तर घाई बघा. ‘टीव्ही चालू कर, इनपुट बदल’ हे दोन हुकूम नवशिके लागोपाठ ठेवतात. टीव्हीचा पडदा उजळतो, पण त्याचं नेटवर्क अजून जांभया देत असतं. दुसरा हुकूम त्या जांभईत जातो. मध्ये पाच सेकंद थांबा असं घातलं तर एरवी चालतं आणि एखाद्या दिवशी टीव्हीला सात सेकंद लागले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्याऐवजी ‘टीव्ही चालू आहे असं तो स्वतः सांगेपर्यंत थांब’ अशी अट घाला. मग एक-दोन सेकंद सोडा आणि मग इनपुटचा हुकूम द्या.

आणि आता गच्चीवरचा पोरगा. हुकूम दिल्यावर तीन-चार सेकंदांनी टीव्हीला पुन्हा विचारा, की तू आत्ता कुठल्या इनपुटवर आहेस? हवा तो असेल तर गप्प बसा. नसेल तर एकदाच पुन्हा सांगा. तरीही नसेल तर मोबाईलवर निरोप पाठवा आणि नाद सोडा. ‘होईपर्यंत सांगत राहा’ असं कधीही लिहू नका. पलीकडून सीईसीवाली स्टिक तितक्याच चिकाटीनं आपलं म्हणणं मांडत असेल, तर दोघांच्या झटापटीत टीव्ही रात्रभर इकडून तिकडे होत राहील. एवढी चार ओळींची भर घातली की घर स्मार्ट म्हणवून घ्यायला लायक झालं, असं माझं मत आहे. आधीचं सगळं नुसतं लांबून बटण दाबणं.

काही प्रश्न

‘रात्री अडीच वाजता टीव्ही आपोआप लागला.’ बहुधा कन्सोल किंवा स्टिक स्वतःचं अपडेट घ्यायला उठली आणि तारेवरून टीव्हीलाही उठवून बसली. तारेच्या वाटेचा भाग पुन्हा वाचा.

‘इनपुट बदलतो, पण कोण बदलतं ते कळत नाही.’ होम असिस्टंटचं लॉगबुक उघडा. कुठल्या ऑटोमेशननं कधी काय केलं ते तिथे वेळेसह लिहिलेलं असतं. दिवेलागणीला भजन लावणारं ऑटोमेशन तुम्हीच केलं होतं आणि विसरला होता, असं निघण्याची शक्यता दाट. लॉगबुक शक्यतो एकट्यानं वाचा.

‘आवाजानं सांगितलं तर ऐकत नाही.’ आधी टीव्ही बंद करून, त्याच्या आवाजाशिवाय सांगून बघा.

‘पाहुणे आले की काहीच चालत नाही.’ त्यांच्या हातात मूळ रिमोट द्या.

शेवटची चाचणी विजेची. वीज जाऊन आली की सगळी उपकरणं एकाच वेळी जागी होतात, जो आधी उठेल तो इनपुट घेतो आणि राउटर सर्वांत शेवटी डोळे उघडतो. म्हणून राउटर आणि रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर घ्या. पायचं एसडी कार्डही त्यामुळे अचानक जाणाऱ्या विजेपासून वाचेल. टीव्ही परत सापडल्यावर लगेच हुकूम न सोडता मिनिटभर थांबून इनपुट तपासायचं ऑटोमेशन लिहा. ते चालतं का हे बघायला महावितरणवर विसंबायची गरज नाही. दिवाणखान्याचा एमसीबी खाली पाडा, शंभर अंक मोजा, वर करा. वेळ मात्र आईला विचारून ठरवा.